धुऱ्यावरचा साग आणि कायद्याचा कागद



या पानावर मी एरवी बोंडअळी, संत्र्याची गळ, केळीचा करपा असल्या विषयांवर लिहितो. आज झाडाच्या लाकडाबद्दल लिहायचं आहे. मी वनखात्याचा माणूस नाही. कृषी पदविका झाली आणि विस्तार अधिकारी म्हणून लागलो, तेव्हापासून अकोट तालुक्याची वावरं तुडवतो आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत फवारणीची माहिती सांगायला गेलो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. मिटिंग संपते, चहा येतो, आणि मागच्या ओळीतले एखादे बाबा हळूच विचारतात, "साहेब, धुऱ्यावरचा साग तोडाचा हाय, काय करा लागते?"

पोपटखेडच्या बाजूचे असेच एक बाबा मला भेटले. नाव सांगत नाही. त्यांच्या नावाला आधीच भरपूर कार्यालयं फिरवून झाली आहेत. त्यांच्या पाच एकराच्या धुऱ्यावर सागाची बावन्न झाडं होती. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात कोणत्या तरी योजनेतून सागजड्या मिळाल्या होत्या, त्या त्यांनी आणि त्यांच्या कारभारणीने सब्बलीने खड्डे करून लावल्या. पहिले दोन उन्हाळे डोक्यावर पाणी आणून घातलं. आता कारभारणीच्या खुब्याचं ऑपरेशन करायचं होतं आणि घरात पैसा नव्हता. बाबांचा हिशेब साधा होता. कपाशीने साथ दिली नाही तर साग आहे.

व्यापारी आला. उभ्या झाडाला सरसकट दीड हजार रुपये म्हणाला. कागदपत्रं माझ्याकडे लागली, तुम्ही फक्त अंगठा द्या, असंही म्हणाला. बाबा मला म्हणाले, "साहेब, झाड माह्या वावरातलं, लावलं म्या, पाणी घातलं म्या, अन् तोडाले परवानगी लोकाची. हा कोनता न्याव झाला?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्याचं नाही.

झाडाच्या मालकीबद्दल कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २५ प्रमाणे कब्जातल्या जमिनीवरच्या झाडांचा हक्क जमीनधारकाचा. म्हणजे साग बाबांचाच. पण मालकी वेगळी, तोडण्याची मुभा वेगळी आणि वाहून नेण्याची मुभा आणखी वेगळी. या तिन्हींचे कायदे तीन वेगळ्या काळांत झाले. ते करणारांच्या डोळ्यांपुढे जे चित्र होतं, त्यात धुऱ्यावर साग लावणारा कास्तकार नव्हताच.

भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा आहे. त्याच्या आधीचे १८६५ आणि १८७८ चे. इंग्रजाला रेल्वेचे स्लीपर पाहिजे होते, जहाजाला साग पाहिजे होता, म्हणून जंगल राखीव केलं. आपल्या डोक्यावरचा मेळघाट त्याच अमदानीत राखीव झाला. या कायद्याने सरकारला लाकडाच्या वाहतुकीवर नियम करण्याचा अधिकार दिला, आणि वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात, तो तिथून आला. रस्त्यावरून जाणारा ओंडका सरकारी जंगलातून चोरलेला नाही, हे नेणाऱ्याने दाखवायचं. म्हणजे कायदा लाकडाकडे पाहतो तो संशयाने. चोर नाही हे तुम्ही सिद्ध करा!

पुढे १९६४ साली महाराष्ट्राने झाडे तोडण्याबाबतचा आपला कायदा केला. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, बीजा, तिवस, हळदू, ऐन, किंजळ, अंजन, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं आहेत. यातलं झाड स्वतःच्या वावरात असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगी देताना बदल्यात झाड लावण्याची अट घालता येते. विनापरवाना तोडलं तर दंड, आणि त्याहून मोठं म्हणजे माल जप्त. आपल्याकडे दंडाला कोणी भीत नाही, लोक भितात ते मालाला. पंचवीस वर्षांचं झाड जाईल आणि हातात केस राहील!

आपल्या कोरकू आणि इतर आदिवासी बांधवांसाठी १९६९ चा आणखी एक कायदा आहे. आदिवासी खातेदाराने झाडं परस्पर व्यापाऱ्याला विकायची नाहीत, ती शासनामार्फत विकायची. हा कायदा मला पूर्वी जाचक वाटायचा. नंतर त्याचं कारण समजलं. बाटलीभर दारू आणि थोड्या उचलीवर अख्ख्या वावरातली झाडं लिहून घेणारे लोक त्या काळी होते, त्यांना आळा घालायला तो झाला. मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड ही गावं २००० नंतरच्या काळात खाली अकोट तालुक्यात वसवली, पुढे आणखीही आली. वर जंगलात त्यांच्या चहूकडे साग होता, पण एकही झाड त्यांच्या नावाचं नव्हतं. खाली जमीन नावाची झाली, तर तिच्यावर झाड नव्हतं. आता त्यांच्यापैकी कोणी धुऱ्यावर साग लावला तर तो या १९६९ च्या कायद्यात येणार. ते त्यांना आजच सांगितलं पाहिजे, वीस वर्षांनी नाही.

एवढे कायदे कशासाठी, असं तुम्ही म्हणाल. मग नरनाळ्याच्या बुरुजावर उभं राहून एकदा उत्तरेकडे पाहा. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला एक. नरनाळा अभयारण्य १९९७ चं. अकोटात वन्यजीव विभागाचं कार्यालय आहे ते काही शोभेसाठी नाही. सातपुड्याचा हा साग आहे म्हणून शहानूर, वान या नद्यांना पाणी आहे आणि त्या पाण्यावर आपली केळी आहे. हा साग चोरून विकला गेला तर नुकसान फक्त वाघाचं होत नाही. उद्या जर सरकारने सांगितलं की खाजगी सागाला आजपासून कोणताही कागद नको, तर काय होईल? वरचं लाकूड रातोरात धुऱ्यावर येऊन पडेल आणि सकाळी ते माझ्याच वावरातलं म्हणून ट्रॅक्टरमध्ये चढेल. हे मी अकोटात बसून लिहितो आहे, लातुरात बसून नाही. जंगलाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला कागदाची कटकट सोसावीच लागणार. माझं म्हणणं एवढंच की ती कटकट प्रामाणिक माणसाला झेपेल इतकी असावी.

१२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जो आदेश दिला, त्याने देशातल्या लाकडाच्या धंद्याची दिशाच बदलली. निलगिरीच्या जंगलातली वृक्षतोड थांबावी म्हणून केरळातल्या टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी १९९५ मध्ये अर्ज केला आणि त्यातून अख्ख्या देशाला लागू होणारा आदेश निघाला. जंगल म्हणजे शब्दकोशात ज्याला जंगल म्हणतात ते, मालकी कोणाचीही असो. मंजूर कार्य आयोजनेशिवाय कुठल्याही जंगलात तोड नाही. ईशान्येकडच्या सात राज्यांतून बाहेर लाकूड नेण्यावर बंदी. पुढे २००२ मध्ये नव्या आरामशिनींवरही बंधन आलं आणि २०१६ पासून त्यांच्या परवान्याचा विषय राज्यपातळीवरच्या समितीकडे गेला.

त्याच प्रकरणात १४ फेब्रुवारी २०००ला आणखी एक आदेश झाला. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यातून मेलेलं, वाळलेलं, वादळात पडलेलं झाडसुद्धा बाहेर काढायचं नाही. तेव्हापासून मेळघाटात पडलेला साग पडल्या जागी कुजतो. लोक हळहळतात, लाखाचं लाकूड माती होऊन राहिलं म्हणतात. मीही म्हणायचो. पण आपल्या सातपुड्यातला रानपिंगळा हा छोटा घुबड जगातून नाहीसा झाला असं लोक धरून चालले होते. तो १९९७ मध्ये शहाद्याकडच्या जंगलात पुन्हा सापडला आणि आपल्या मेळघाटात तो बऱ्यापैकी आहे. त्याचं घरटं झाडाच्या ढोलीत असतं. ढोली जुन्या, पोकळ झाडाला पडते, ठेकेदाराच्या मापात बसणाऱ्या झाडाला नाही. तेव्हा अभयारण्यातलं लाकूड अभयारण्यात कुजू द्यावं, त्यावर माझा वाद नाही.

पण मग देशाला लाकूड कुठून येणार? जंगलातून तोड कमी झाली म्हणून घरांना दरवाजे लागायचे थांबले का? लग्नाला दिवाण द्यायचा थांबला का? आपल्या राज्याचा साग अजून नावाजलेला आहे. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या राममंदिरासाठी साग रवाना झाला, मिरवणूक निघाली. इकडे परतवाड्याच्या डेपोतला मेळघाटी साग जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी आहे. पण बाजारात जो साग सगळीकडे दिसतो, त्यातला फार मोठा भाग परदेशचा असतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, तसा इक्वेडोर, पनामा, कोस्टारिका अशा देशांतला लागवडीचा साग वाढला. तो जहाजाने कांडल्याला उतरतो, गांधीधामच्या आरामशिनींवर कापला जातो आणि तिथून चौकटी होऊन देशभर फिरतो. पनामाच्या कास्तकाराचा साग सात समुद्र ओलांडून आपल्या बाजारात येतो, आणि पोपटखेडच्या कास्तकाराच्या सागाला अंजनगाव ओलांडायला आठ महिने लागतात!

आठ महिने हा माझा अलंकार नाही. बाबांचा अर्ज द्यायला मी सोबत गेलो होतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण दोष एका टेबलाचा नव्हता. पहिली अडचण, सातबारा अजून बाबांच्या वडिलांच्या नावावर. फेरफार झाला नव्हता. त्यात दीड महिना गेला, बहिणींच्या सह्या आणायला एकदा खंडव्यापर्यंत जाऊन आले. दुसरी अडचण, सातबाऱ्यावर सागाची नोंदच नव्हती. लावला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि नंतर गरज वाटली नाही. तिसरी अडचण सगळ्यात मोठी. वावराची एक बाजू नाल्याला लागून आणि नाल्यापलीकडे वनजमीन. त्यामुळे मोजणी करून हद्द दाखवा, असं सांगण्यात आलं. मोजणीचे पैसे भरले, तारीख मिळाली, मोजणीवाले आलेच नाहीत. पुन्हा तारीख. मग पंचनामा, झाडांची मोजदाद, प्रत्येक झाडाची छातीइतक्या उंचीवरची गोलाई, यादी, अहवाल, फाईल वर, फाईल खाली. एकदा तर फाईलच सापडेना. साहेबांची बदली झाली होती, आणि जुन्या साहेबांनी पाहिलेली झाडं नव्या साहेबांनी परत पाहिली. झाडं तीच होती.

या काळात व्यापारी तीनदा येऊन गेला. दर वेळी दीड हजार म्हणायचा आणि हसायचा. त्याला माहीत होतं की ऑपरेशन वाट पाहत नाही.

इथे मला सरळ बोलायचं आहे. कास्तकाराला व्यापारी लुटतो असं आपण म्हणतो, पण सागाच्या बाबतीत व्यापारी जे विकतो ते लाकूड कमी आणि कागद जास्त. परवानगीच्या वाटा, कोणत्या टेबलावर काय लागतं, कधी थांबायचं, हे त्याला माहीत असतं. कास्तकाराला ते माहीत नाही म्हणून तो आपलं झाड अर्ध्या-पाव किमतीत देतो. कागद जितका अवघड, तितका व्यापाऱ्याचा वाटा मोठा. आणि जिथे सरळ मार्ग इतका लांब, तिथे रात्रीची बंडी आपोआप धावते. म्हणजे जंगल वाचवायला केलेला नियम हाताळता आला नाही, तर तोच चोरट्या लाकडाला गिऱ्हाईक मिळवून देतो.

जगात याच्या उलटा विचार सुरू आहे. अमेरिकेचा लेसी कायदा मुळात १९०० सालचा, चोरट्या शिकारीविरुद्धचा. २००८ मध्ये त्यांनी त्यात लाकूड घातलं. आता अमेरिकेत लाकूड किंवा लाकडाची वस्तू आणणाऱ्याने, ज्या देशातून ती आली त्या देशाचा वनकायदा मोडलेला नाही हे पाहायचं. गिब्सन नावाच्या गिटार बनवणाऱ्या मोठ्या कंपनीवर २००९ आणि २०११ मध्ये तिथल्या सरकारने छापे घातले. पहिल्यात मादागास्करचं आबनूस होतं, दुसऱ्यात भारतातून गेलेलं शिसव आणि आबनूस. २०१२ मध्ये कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. युरोपाने २०१३ पासून तसाच नियम लावला आणि २०२३ मध्ये त्याहून कडक कायदा केला, त्यात माल कोणत्या जमिनीच्या तुकड्यावरून आला ते नकाशावर दाखवायचं. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण दिशा ठरलेली आहे. भारतानेही डिसेंबर २०२३ मध्ये वन व काष्ठ प्रमाणीकरणाची आपली योजना आणली.

अमेरिकेच्या गिटारचं आपल्याला काय, असं वाटेल. पण विचार करा. पुढच्या काळात किंमत त्याच लाकडाला येणार, ज्याचं मूळ गाव सांगता येतं. कास्तकाराइतकं चांगलं ते कोण सांगू शकतो? गट नंबर आहे, सातबारा आहे, लावल्याचं साल आहे. जंगलातल्या चोरलेल्या ओंडक्याला हे नसतं. म्हणजे आज जो कागद गळ्यातलं लोढणं वाटतो, तोच नीट केला तर आपल्या मालाचा भाव होऊ शकतो. कायदा तेवढा बदलायचा राहिला आहे.

काही बदल झाले, नाही असं नाही. बांबूचं पाहा. वनस्पतिशास्त्राने बांबू गवत, पण कायद्याने झाड. नव्वद वर्षं तो झाड होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून सुटला. तेव्हापासून वावरातला बांबू तोडायला आणि न्यायला कोणाला विचारावं लागत नाही. निलगिरी, सुबाभळीलाही आपल्या राज्यात मोकळीक आहे, म्हणूनच लोक त्या लावतात. साग लावत नाहीत, कारण तोडता येत नाही हे शेजाऱ्याचं पाहिलेलं असतं.

२९ डिसेंबर २०२३ ला राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली देशभरासाठी सुरू झाली. मोबाईलवरून अर्ज, परवाना संगणकावरून. सूट असलेल्या झाडांसाठी ना-हरकत आपली आपणच काढायची. जून २०२५ मध्ये केंद्राच्या वन मंत्रालयाने शेतजमिनीवरची झाडं तोडण्याबाबत आदर्श नियम राज्यांना पाठवले. लागवडीची पोर्टलवर नोंद करायची, झाडं दहापर्यंत असतील तर फोटो टाकून काम व्हावं, जास्त असतील तर नेमलेल्या संस्थेने येऊन पाहणी करावी, असा त्याचा गाभा आहे. आदर्श नियम म्हणजे राज्याने स्वीकारले तर नियम, नाहीतर नुसते आदर्श. कल्पना मात्र बरोबर आहे. लावताना नोंद, मग तोडताना शंका नको.

माझं मत विचाराल तर लावलेला आणि नोंदवलेला साग हे पीक समजावं. कपाशी विकायला कोणी परवानगी मागत नाही. जंगलाला लागून असलेल्या गटांसाठी तपासणी ठेवा, जरूर ठेवा, पण तिला मुदत घाला. अमुक दिवसांत पाहणी झाली नाही तर काय, हे अर्जाच्या पोचपावतीवर लिहून द्या. महसूल, वन आणि भूमी अभिलेख या तीन खात्यांना वर्षातून एकदा, पेरणी आटोपल्यावर, एकाच मंडपात बसवा. बाबांचे आठ महिने त्या एका दिवसात दोनावर आले असते. आमच्या कृषी खात्यालाही मी यातून सोडत नाही. २०१८ मध्ये रोजगार हमीतून धुऱ्यावर आणि वावरात झाडं लावायच्या कामात सागालाही जागा मिळाली. उद्दिष्टं आली, रोपं वाटली, फोटो काढले. लावलेल्या सागाची सातबाऱ्यावर नोंद करा, हे किती जणांनी सांगितलं? मीही पहिली काही वर्षं सांगितलं नव्हतं.

सागाच्या नावाखाली फसवणूकही खूप झाली, ती विसरू नका. नव्वदच्या दशकात कंपन्यांनी पेपरात पानभर जाहिराती देऊन सागाची युनिटं विकली होती. आज हजार-दोन हजार भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या. माझ्या वडिलांनी दोन युनिटं घेतली होती. कंपनीने गाशा गुंडाळला. पुढे १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक गुंतवणुकीला नियम लावले, पण तोवर पाखरं उडून गेली होती. आमच्या घरच्या ट्रंकेत तो रंगीत कागद अजून आहे. वर सागाचं पान छापलेलं. साग कधी तो आम्ही पाहिला नाही.

म्हणून साग लावायचा तर डोळे उघडे ठेवून लावा. जंगलात साग साठ-ऐंशी वर्षं वाढतो तेव्हा त्याला तो गाभा येतो. वावरात पाणी-खत देऊन वीस-पंचवीस वर्षांत जाडी येते, पण गाभा त्या मानाने कमी आणि पांढरा भाग जास्त, भावही त्याच मानाने. जमीन पाहा. पायथ्याकडची मुरमाड, निचऱ्याची जमीन सागाला मानवते. खाली पूर्णेकडे खारपाणपट्ट्यात, भारी काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत साग लावून पैसा आणि पाणी वाया घालवू नका. तिथे निंब, बाभूळ लावा. अख्खं वावर सागाखाली घालायचा सल्ला मी कोणालाच देत नाही. धुरा पुरे.

आणि माप शिका. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बाबांची खरी कमाई इथेच झाली. लाकडाच्या बाजारात चौथाई गोलाईची पद्धत चालते. समजा ओंडक्याची मधली गोलाई ३६ इंच आणि लांबी १० फूट. व्यापारी ३६ ला चारने भागतो, नऊ आले. नऊ गुणिले नऊ, एक्क्याऐंशी. त्याला १४४ ने भागून १० फुटांनी गुणलं की झाले ५.६ घनफूट. तोच ओंडका शाळेतल्या वर्तुळाच्या हिशेबाने ७.१ घनफुटांच्या वर भरतो. ही लबाडी नाही, ती जुनी रीत आहे, आणि भावही त्याच रीतीने ठरलेला असतो. लबाडी तिथे होते, जिथे भाव एका मापाचा सांगतात आणि मोजतात दुसऱ्या मापाने. सरकारी कागदावर घनमीटर असतो. एक घनमीटर म्हणजे खऱ्या मापाने ३५.३ घनफूट, चौथाई मापाने सुमारे २७.७. कुठलं माप ते आधी विचारा. गोलाई सालीसकट की साल काढून, तेही विचारा. आणि झाड उभं असताना नगावर सौदा करू नका. शिंपीकामाचा टेप वीस रुपयांत मिळतो.

परतवाड्याजवळचं पायविहीर गाव तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्यांना जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, दोन वर्षांत जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ओसाड टेकडी त्यांनी हिरवी केली. पण त्यांचा पैसा सीताफळाचा आणि तेंदूपत्त्याचा. वनहक्काच्या कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून गावाचा, लाकूड नाही. सागाचं झाड राखायचं गावाने, हक्क मात्र सरकारचा. यावर केव्हा तरी स्वतंत्र लिहावं लागेल.

तर बाबांचं काय झालं? परवानगी आली. झाडं तोडली, ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का बसला, टीपी निघाली. टेप घेऊन मी आणि बाबांचा नातू प्रत्येक ओंडक्याजवळ बसलो, वहीत लिहिलं. माल परतवाड्याकडच्या एका आरामशिनीवाल्याला घनफुटाच्या भावाने दिला. उभ्या झाडाचे जे दीड हजार सांगितले होते, त्याच्या चौपटीच्या आसपास एका झाडाचे पडले. पण ऑपरेशन तोपर्यंत होऊन गेलं होतं, व्याजाने काढलेल्या पैशावर. सागाच्या पैशातून आधी ते व्याज गेलं.

यंदाच्या खरिपात त्यांच्याकडे गेलो होतो. सागाचं खोड तोडलं की बुंध्यातून धुमारे येतात, एकेका बुंध्याला सहा-सहा, सात-सात आले होते. बाबा म्हणाले, एवढे ठेवू का? मी म्हणालो, एक सरळ आणि जोमदार ठेवा, बाकीचे छाटून टाका. कारभारणी काठी टेकत धुऱ्यापर्यंत आल्या होत्या. नातवाने मोबाईल काढला, ई-पीक पाहणीचं ॲप उघडलं आणि बांधावरच्या झाडांच्या रकान्यात साग लिहिला. संख्या विचारल्यावर बाबांनी पुन्हा एकदा पूर्ण धुरा चालून बुंधे मोजले. बावन्नपैकी सत्तेचाळीस फुटले होते. सत्तेचाळीस लिहिले.